पेटी कोणाच्या हातीं द्यावी?

मुलीस स्थळ पाहतांना आमच्या घरांतून जी चौकशी होते तिची थट्टा करण्याची अलीकडे चाल पडली आहे. मुलाचें शिक्षण, त्याचा पगार, घरच्या माणसांचे स्वभाव, आजोळ कोठलें, घरांत कोणास कांहीं जुनाट विकार आहे कीं काय, हें सर्व चार ठिकाणांहून पडताळून पाहिल्याखेरीज वडील मंडळी होकार देत नाहींत. परंतु हींच माणसें दीड-दोन लाख रुपये खर्चाचें काम एखाद्या कारागिराच्या हातीं सोंपवितांना ‘अमक्याचे साडू तेथेंच जातात’ एवढ्या एका पुराव्यावर किल्ली काढून देतात. संसारांत यंत्रें वाढलीं, त्यांची किंमत वाढली, आणि त्यांच्या पोटांत काय आहे हें आमच्या दृष्टीस पडेनासें झालें. तरी कारागीर निवडण्याची आमची रीत जुनीच राहिली आहे. आमच्या घरच्या मोटारीची गिअरपेटी २०२५ च्या एप्रिलांत बिघडली, आणि ती कोणाच्या हातीं द्यावी याचा घरांत बरेच दिवस खल झाला. त्या खलांतून जें उमजलें तें इतर कुटुंबांच्याही उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

आमचें घर मेहकरास. थोरले बंधू, ज्यांस सारें घर अण्णा म्हणतें, ते घरचे कर्ते. हिशेबाची वही आमच्याकडे. ही मोटार मूळची आमच्या पुतण्याची. तो पुण्यास नोकरीस होता. परदेशीं जाण्याचें ठरलें तेव्हां त्यानें आपली मोठी डिझेल मोटार घरीं आणून ठेवली. गाडी दणकट, इंजिन जोरदार, आणि आठ गिअर आपोआप बदलणारे. प्रथम अण्णांनीं नाक मुरडलें. परंतु पुढें तीच गाडी घराची मोठी सोय होऊन बसली. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आमच्या तालुक्याचा भूगोलच जणूं बदलला. मेहकराजवळच या रस्त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. लहान मोटारींस येथें ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा असून, ५ जून २०२५ रोजीं शेवटचा टप्पा उघडल्यावर हा मार्ग एकंदर ७०१ किलोमीटरांचा झाला आहे. थोरल्या वहिनींच्या डोळ्याच्या पडद्यास वयोमानाचा विकार जडल्यामुळें त्यांस दर महिन्यास छत्रपती संभाजीनगरास जाऊन डोळ्यांत औषधाची सुई घ्यावी लागते. तारीख चुकली तर त्या अवधींत गेलेली दृष्टि परत मिळेल अशी हमी डॉक्टर देत नाहींत. म्हणून या मोटारीस आमच्या घरांत केवळ चैनीची वस्तु कोणी समजत नाहीं.

एप्रिलच्या फेरीहून परततांना गाडीचें लक्षण बदललें. इंजिनाचा आवाज एकदम चढे, फेऱ्यांचा कांटा वर जाई, पण वेग मात्र वाढत नसे. थांबून पुन्हां निघतांना दांडी पुढच्या गतीवर टाकली तरी दोन-तीन क्षण गाडी जागची हलत नसे, आणि मग धक्का देऊन निघे. महामार्ग सोडून गांवच्या रस्त्यास लागलों तेव्हां ती जी थांबली ती थांबलीच. जवळच्या शेतांतून एक सज्जन ट्रॅक्टर व दोर घेऊन मदतीस धांवून आले. दोर बांधण्यापूर्वीं अण्णांनीं आमच्या मिस्त्रींना फोन केला. गेलीं तीस वर्षें आमच्या घरच्या साऱ्या गाड्या त्यांनींच पाहिल्या आहेत. ते एवढेंच म्हणाले, “दोर बांधून ओढसान तं उरलीसुरली पेटी बी जाईन. सपाट टेम्पोवर घाला.” याचें कारण असें कीं, अशा पेटींतील तेलाचा पंप इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद असतां चाकें फिरवीत नेलीं तर आंतील चक्रें तेलावांचून कोरडीं घासतात. हातानें गिअर टाकण्याच्या मोटारी ओढून नेण्याची आमच्याकडे इतकी संवय आहे कीं, ही एक गोष्ट तरी प्रत्येक वाचकानें ध्यानांत ठेवावी.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मिस्त्रींनीं गाडीखालीं जाऊन थोडें तेल बोटावर घेतलें. तें काळें पडलें होतें आणि त्यास करपल्याचा वास येत होता. हात पुशीत ते म्हणाले, “इंजिन असतं तं आत्ताच खोललं असतं, अण्णा. हे काम माह्या हातचं नाही.” गांवांतील इतर दोन ठिकाणीं ‘आणून लावा, पाहतों’ असें उत्तर मिळालें होतें. मिस्त्रींचें उत्तर ऐकून घरांतील तरुण मंडळी निराश झाली. पण आमच्या मतें आमच्या शोधाची खरी सुरवात तेथेंच झाली. आपल्या हाताची मर्यादा जो स्पष्ट सांगतो, त्याच्या शिफारशीस किंमत येते.

ही पेटी काय वस्तु आहे हें थोडक्यांत सांगणें जरूर आहे. कारण तें ठाऊक नसल्यास दुकानदारास प्रश्न तरी काय विचारणार? दोन पंखे समोरासमोर ठेवून एक विजेवर चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसऱ्याचीं पातीं फिरूं लागतात. वाऱ्याच्या जागीं तेल आणि दोन्ही पंखे एका बंद भांड्यांत, अशी कल्पना केली म्हणजे इंजिन व गिअर यांमधील टॉर्क कन्व्हर्टर समजला. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ मध्यें ही युक्ति काढली ती जहाजांसाठीं. या भांड्याच्या मागें दातेरी चक्रांचे संच असतात. मध्यें सूर्य, त्याभोंवतीं ग्रह आणि बाहेर कडें, अशी त्यांची रचना असल्यानें त्यांस ग्रहमालाच म्हणतात. हीं चक्रें सदैव एकमेकांत गुंतलेलीं असतात. त्यांपैकीं कोणतें धरावयाचें आणि कोणतें मोकळें सोडावयाचें, हें तेलाच्या दाबानें आवळल्या जाणाऱ्या क्लचच्या प्लेटा ठरवितात. आमच्या गाडींतील आठ गतींच्या पेटींत अशा चार ग्रहमाला आणि पांच क्लच-ब्रेक आहेत. कोणत्याही गतींत तिघे आवळलेले व दोघेच मोकळे असतात. गति बदलते तेव्हां एकाचा हात सुटण्याच्या क्षणींच दुसऱ्याचा हात आवळला गेला पाहिजे. हा मेळ क्षणभर चुकला तरी प्लेटा घसरतात, घसरल्या कीं तापतात, आणि तापल्या कीं त्यांवरील अस्तर जळून तेलांत मिसळतें. काळ्या तेलाचा अर्थ हा.

अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें १९३९ मध्यें ओल्डस्मोबील गाडींत घालून अशी पूर्ण स्वयंचलित पेटी प्रथमच मोठ्या प्रमाणावर विकली. आमच्याकडे मात्र आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या मध्यमवर्गाच्या दारीं येऊं लागल्या त्या मुख्यतः २०१४ नंतर. त्या वर्षीं मारुतीच्या सेलेरिओ गाडींत नेहमीच्याच पेटीवर क्लच दाबणारें व गिअर टाकणारें यंत्र बसवून स्वस्त सोय करण्यांत आली. येथेंच पुष्कळांचा घोंटाळा होतो. सेलेरिओसारखी सोय, पट्ट्यावर चालणारी पेटी, दोन क्लचांची पेटी आणि आमच्या गाडीसारखी ग्रहमालेची पेटी, या चार निरनिराळ्या जाती आहेत. एकीचा जाणता दुसरीचा जाणता असेलच असें नाहीं. तेव्हां ‘तुम्ही ऑटोमॅटिक पेट्या करतां काय?’ हा प्रश्न निरर्थक आहे. ‘याच जातीच्या किती पेट्या गेल्या महिन्यांत तुम्हीं खोलल्या, आणि त्यांतील एखादी आतां उघडी पाहावयास मिळेल काय?’ असें विचारावें.

चौकशीअंतीं तीन ठिकाणें पुढें आलीं. पहिलें एका मोठ्या शहरांतील प्रशस्त दुकान, अण्णांच्या शालकांनीं सुचविलेलें. त्यांनीं फोनवरच सांगितलें कीं, एक लाख दहा हजार रुपये आणि आमची जुनी पेटी द्यावी, तिसऱ्या दिवशीं तयार केलेली दुसरी पेटी बसवून गाडी परत. दुसरें गाडीच्या कंपनीचें अधिकृत केंद्र. तेथील मंडळी सभ्य होती. पण पेटी उघडण्याचें काम ते करीत नसत, सबंध नवी पेटी घालीत, आणि अंदाज सहा लाखांच्या वर गेला. तिसरें एका औद्योगिक वसाहतींतील पत्र्याच्या छपराचें लहानसें दुकान. त्याचा पत्ता मिस्त्रींनीं सुटे भाग विकणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून काढला. सुटे भाग विकणाऱ्यास कोण किती माल नेतो आणि कोणाचा माल तक्रार होऊन परत येतो हें बरोबर ठाऊक असतें. ही युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटली.

या तिसऱ्या दुकानाच्या मालकानें पहिल्या फोनवर दर सांगितलाच नाहीं. गाडी किती चालली? तेल कधीं बदललें? घसरगुंडी गार असतांना होते कीं तापल्यावर? कोणत्या गतींत? गाडीनें जड ओझें ओढलें होतें काय? आणि शेवटीं, इंजिनांत कांहीं फेरफार केला आहे काय? आम्ही वहींतून पाहून उत्तरें देत गेलों. गाडी १,१०,००० किलोमीटर चालली होती आणि पेटीचें तेल एकदांही बदललेलें नव्हतें. कारण पुतण्यास एका केंद्रांत ‘हें तेल जन्मभराचें’ म्हणून सांगण्यांत आलें होतें. यावर तो म्हणाला कीं, पेटी बनविणारा जर्मन कारखानाच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या आंत तेल बदला म्हणून सांगतो. वाचकांच्या माहितीसाठीं लिहितों कीं, झेड्. एफ्. हा तो कारखाना १९१५ मध्यें झेपेलिन विमानांचीं दातेरी चक्रें करण्यासाठीं निघाला, आणि आज अनेक कंपन्यांच्या गाड्यांत त्याच्या पेट्या असतात. गाडी विकणारा कांहीं म्हणो, पेटी घडविणारा काय म्हणतो तें पाहावें.

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. पुतण्यास रात्रीं फोन केला तेव्हां बराच वेळ आढेवेढे घेऊन त्यानें सांगितलें कीं, होय, पुण्यास असतांना त्यानें इंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलून घेऊन गाडीचा जोर वाढविला होता. म्हणजे ज्या प्लेटा एका ठराविक जोरासाठीं मोजून घातल्या होत्या, त्यांवर तीन वर्षें त्याहून अधिक भार पडत होता. भरीला जुनें तेल, वऱ्हाडांतला उन्हाळा आणि महामार्गावरील सलग वेग. पेटी कां गेली याचा उलगडा ती उघडण्यापूर्वींच झाला, आणि तो एका प्रश्नानें झाला. पहिल्या दुकानांतून तयार पेटी आणून बसविली असती तर तिच्याही वांट्यास तेंच इंजिन आलें असतें.

तरीसुद्धां निवड सोपी नव्हती. तिसऱ्या दुकानास तीन आठवडे हवे होते, आणि वहिनींची पुढील तारीख बारा दिवसांवर आली होती. घरांत सभा भरली. शालकांच्या शब्दास मान द्यावा, तीन दिवसांत गाडी दारीं येईल, असें एक मत. इतक्या पैशांत जुनी गाडी विकून टाकावी, असें दुसरें. वहिनी सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, “माझ्या डोळ्याच्या नांवानें घाई करूं नका. त्या दिवशीं भाड्याची गाडी करूं. पण पुढल्या उन्हाळ्यांत रस्त्यावर पुन्हां बसायची पाळी नको.” ज्यांच्यासाठीं घाई चालली होती त्यांनींच घाई नको म्हटल्यावर दुसऱ्यांस बोलावयास जागा उरली नाहीं. भाड्याच्या गाडीनें तारीख सांभाळली गेली.

पेटी उघडण्याच्या दिवशीं आम्ही मिस्त्रींना बरोबर घेऊन गेलों. मालकानें प्रथम गाडीच्या संगणकांतील दोषांची नोंद वाचून कागदावर काढून दिली. मग पेटी टेबलावर घेऊन एकेक भाग क्रमानें मांडीत गेला. एका क्लचच्या प्लेटांवरील अस्तर पार उडालें होतें, आणि मधल्या पोलादी प्लेटांवर निळे डाग पडले होते. मिस्त्रींनीं एक प्लेट हातांत घेऊन उजेडाकडे धरली, नखानें घासून पाहिली, आणि कांहीं वेळानें विचारलें कीं, तेल थंड करणाऱ्या जाळीचें काय? मालक हंसला. ती त्यानें सकाळींच काढून बाजूस ठेवली होती. तिच्यांत जळक्या अस्तराचा गाळ बसला होता. पेटी नवी करून ही जाळी तशीच ठेवली तर जुना गाळ नव्या प्लेटांत जाऊन सारें काम फुकट जातें. त्याचप्रमाणें टॉर्क कन्व्हर्टर कापून, आंतून साफ करून, पुन्हां जोडून त्याचा तोल तपासावा लागतो. या दोन गोष्टी अंदाजपत्रकांत आहेत कीं नाहींत एवढें पाहिलें तरी दुकानाची निम्मी परीक्षा होते; स्वस्त अंदाजांतून प्रथम गळतात त्या ह्याच. यापुढें त्या दोघांचें बोलणें असें रंगलें कीं, आम्ही पैसे देणारे असूनही केवळ श्रोते झालों.

मग मालकानें दोन मार्ग सांगितले. वाढविलेला जोर ठेवावयाचा असेल तर अधिक भार सोसणाऱ्या प्लेटा मिळतात, खर्च पन्नास हजारांनीं वाढेल, “पण मग त्याच्या पुढला कच्चा दुवा कोणता निघेल तें मी आज लिहून देणार नाहीं.” इंजिन मूळच्या मापावर आणलें तर मूळच्या प्लेटा पुरेशा आहेत आणि त्यांची हमी तो लिहून देईल. पुतण्यास फोनवर हें ऐकवलें तेव्हां तो नाराज झाला. त्या जोराचा त्यास अभिमान होता, आणि तो गेल्यावर गाडी ‘आपली’ राहणार नाहीं असें कांहींसें तो बोलला. अण्णांनीं त्यास रागें भरलें नाहीं. ते म्हणाले, “बाळ, तुझ्या हौशीला आमची ना नाहीं, पण ही गाडी आतां तुझ्या काकूला नेते.” दोन दिवस पुतण्याचा फोन आला नाहीं. तिसऱ्या दिवशीं इंजिन पूर्ववत् करण्याचा खर्च त्यानें स्वतःहून पाठवून दिला. एकत्र कुटुंबांत एकाची वस्तु सर्वांची कशी होते, आणि होतांना पहिल्या मालकास काय सोडावें लागतें, हें त्या दिवशीं आमच्या मनांत पुष्कळ वेळ घोळत राहिलें.

काम सुरू होण्यापूर्वीं आम्हीं कांहीं गोष्टी लेखी घेतल्या. उघडून पाहण्याची मजुरी वेगळी. त्यानंतर काम न केल्यास तेवढीच द्यावयाची. बदललेले सर्व जुने भाग परत. हमी किती महिन्यांची व किती किलोमीटरांची, ती कशानें रद्द होते, आणि हमीच्या मुदतींत गाडी वाटेंत बसली तर ती आणण्याचा खर्च कोणाचा. तेल कोणत्या प्रतीचें घातलें याची पावतीवर नोंद. तेलाची पातळीही अशा पेटींत इंजिन चालू ठेवून व तेलाचें उष्णमान ठराविक मर्यादेंत असतांनाच पाहावी लागते. आमच्या पेटीस ती मर्यादा ३० ते ५० अंशांची आहे. त्यामुळें तें उष्णमान यंत्रावर आम्हांस दाखवावें, असेंही ठरलें. करासह पक्की पावती घेतल्यानें खर्च वाढतो खरा; पण पावतीखेरीज हमी म्हणजे वाऱ्यावरची वरात. ग्राहकानें संघटित व जागरूक व्हावें हा विचार बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ मध्यें पुण्यास ग्राहक पंचायत स्थापून आमच्या समाजांत रुजविला. पुढें १९८६ मध्यें ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानें तर ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली आहे. दुकान दूरच्या शहरीं असलें तरी आमचें गाऱ्हाणें बुलढाण्यास ऐकलें जाऊं शकतें. कागद नीट असला म्हणजे सहसा तेथवर जाण्याची वेळ येत नाहीं, हा कागदाचा दुसरा गुण.

एकंदर खर्च एक लाख ऐंशी हजार आला, म्हणजे पहिल्या दुकानाहून सत्तर हजार अधिक. त्यास आतां वर्ष लोटलें. गाडी त्यानंतर सुमारें चौदा हजार किलोमीटर चालली असून वहिनींची एकही तारीख तिच्यामुळें चुकलेली नाहीं. एवढ्यावरून छातीठोक विधान करणें बरें नव्हे; यंत्रास आयुष्य असतेंच. पण उद्यां ती पुन्हां बिघडलीच, तर काय घातलें, कां घातलें आणि कोणाच्या शब्दावर, हें आम्हांस ठाऊक आहे.

सुज्ञ वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, घरच्या हिशेबाच्या वहींत कारागिरांसाठीं कांहीं पानें राखून ठेवावीं. किती रुपये दिले हें आपण लिहितोंच. त्याच्या शेजारीं त्यानें काम हातीं घेण्यापूर्वीं कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या कामास ‘हें माझें नव्हे’ म्हटलें, हेंही लिहावें. आमच्या वहींत मिस्त्रींच्या पानावर त्या एप्रिलांत रक्कम कांहींच पडलेली नाहीं. नोंद मात्र सर्वांत मोठी आहे.